तांब्याचे खिळे

माणूस जातो तो सुकतीला,
असं आमच्या निवतीत म्हणतात.
पाणी ओढ घेतं, आतलंही काही ओढून नेतं.
बाबा गेले ते ऐन भरतीत,
दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी,
पेजेची वाटी अर्धी टाकून.
पेज टाकणारे ते नव्हेतच.

मसणवट किनाऱ्यावर, सुरूंच्या पलीकडे.
भरतीचं पाणी तिथवर चढतं.
म्हणून आम्ही थांबलो,
साडेचार तास, खळ्यात, बाबा आणि आम्ही.
मधूनच कोणी विचारायचं, "पाणी किती रवला?"
आणि कोणीतरी बघून यायचं.
तेवढा वेळ कोणी रडलं नाही.
पाणी मोजायचं काम असलं की आमच्याकडे रडत नाहीत.

लाकडं विकत घ्यायची नव्हती.
'सातेरी प्रसन्न' बारा वर्षं उपडी पडून होती,
फायबरची होडी आली तेव्हापासून.
कुत्रीची तीन बाळंतपणं तिच्याखाली झाली.
दर पावसाआधी बाबा तिला चुडतांनी शाकारायचे,
म्हणायचे, "माका हिच्यारच घाला."
"आणि माका?" आई विचारायची.
त्यावर बाबा बिडी पेटवायचे.

वासू मेस्त्रीने कुऱ्हाड घातली.
त्याच्याच बापाने बांधलेली होडी.
पहिल्या घावाला थांबला, बोटाने चाचपलं,
"उंडी हा. अजून तेल सुटता."

जाळ हिरवा आला.
पोरं ओरडली, मोठ्यांनी गप्प केलं,
पण बघत सगळेच होते.
तांबं आणि मीठ, मला कळतं.
मी कुडाळला विम्याच्या कचेरीत मृत्युदावे तपासते,
कारणाच्या रकान्यात काय बसतं, काय नाही,
ते ठरवते आणि घरी येऊन भाजी निवडते.
तो हिरवा कुठल्या रकान्यात घालावा
हे अजून सुचलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी गेलो
तर रात्रीच्या पाण्याने अर्धी राख नेलेली.
उरलेल्यात हाडं आणि खिळे.
भावाने हाडं वेचली, मी खिळे;
काळे, घासले की आत लाल.
होडीला तीनशेवर लागले होते, मेस्त्री म्हणाला.
माझ्या ओच्यात त्रेचाळीस.
माणूस जातो, त्याला जोडून धरणारं मागे राहतं,
असं काहीतरी मनात आलं.
खरं नाही ते. बाकीचे खिळेही गेलेच होते.
तांब्याला फक्त जरा उशीर होतो.

दहाव्याला कावळा शिवेना.
सगळं कबूल केलं आम्ही:
सोसायटीचं कर्ज, धाकट्याचं लग्न, आईचा मोतीबिंदू.
बिडीचा कट्टाही ठेवून झाला.
ऊन डोक्यावर आलं तेव्हा वाळूतून
एक बारकी पांढरी कुर्ली निघाली,
आडवी आडवी आली,
भाताची चार शितं डेंग्यात धरून बिळात गेली.
भटजींनी पोथीकडे पाहिलं. मग समुद्राकडे.
"चलता," म्हणाले.
आई हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा,
पदर तोंडात धरून, खांदे हलेपर्यंत.
"जल्मभर कुर्ले खाल्ल्यानी. फिटला सगळा."

खिळ्यांना किलोमागे बरे पैसे येतात.
भंगारवाला सायकलवरून दोनदा फिरून गेला.
आईने एक काढून घेतला,
चिऱ्याच्या भिंतीत ठोकू लागली.
मला वाटलं, फोटोसाठी.
तांबं मऊ. वाकला.
तिने पायरीवर ठेवून वरवंट्याने सरळ केला,
पुन्हा ठोकला. पुन्हा वाकला.
पुन्हा.
मग त्याला कॅलेंडर अडकवलं,
भरती-सुकतीच्या वेळा छापलेलं,
ज्याचं आता या घरात कोणाला काम नाही.

"उद्या सुकती किती वाजता?" मी उगाच विचारलं.
"तीन वाजान पाच," ती म्हणाली,
भिंतीकडे न बघता.